उठवण्याचा क्रम

माझ्याकडे घर बंद करण्याची यादी आहे. सतरा कलमांची. गॅसचा कॉक, पाण्याच्या टाकीचा कॉक, मागच्या दाराची वरची कडी, मग खालची, मीटरचा आकडा वहीत, असं करत करत शेवटी मुख्य बटन आणि पुढचं कुलूप. बाबा गेल्यावर मी ती केली आणि गेल्या दीड वर्षात देऊळगाव राजाला तीनदा येऊन तीनदा तिच्यावर खुणा केल्या. या खेपेला अठरावं कलम वाढलंय. चावी नव्या मालकांना देणे. घर एका शिक्षक कुटुंबाने घेतलंय. चांगली माणसं आहेत. पुढच्या खिडकीला जाळी बसवणार म्हणत होती.

पुण्यात राहून कापसाचा हंगाम कळत नाही. कळतो तो जालना सोडल्यावर. परवा दुपारी बसच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसायला लागलं. एका फाट्यावर वेचणीच्या बाया चढल्या, डोक्याला रुमाल, कमरेला रिकाम्या झोळ्या, बोटांना बोंडांचे ओरखडे. शेजारी बसलेल्या बाईच्या पदरावरचा कापसाचा एक पुंजका माझ्या बाहीला येऊन चिकटला. मी तो काढून खिडकीबाहेर टाकायला गेले आणि टाकला नाही. पर्समध्ये यादीच्या घडीत ठेवला. नंतर वाटलं, हे काही आपल्या स्वभावात बसत नाही.

हा पुंजका त्या हंगामाचा होता. म्हणजे या वर्षीचाच होता, पण मला तो त्या हंगामाकडे घेऊन गेला. बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पस्तिशी ओलांडलेली होते.

माझं काम काय, असं कोणी विचारलं तर मी सांगते, संगणकाला झोपवणं आणि उठवणं. समोरचा हसतो आणि विषय बदलतो, त्यामुळे पुढचं फारसं कुणाला सांगावं लागलेलं नाही. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो असं आपण म्हणतो, पण तो एका झटक्यात झोपत नाही. व्यवस्थेचा जो गाभा असतो, त्याला आम्ही कर्नल म्हणतो, त्याच्याजवळ सगळ्या उपकरणांची यादी असते. पडदा, कळफलक, आवाज, डिस्क. यंत्र सुरू होताना जो जसा आला तसा नोंदलेला. ज्याच्या आधारावर दुसरा उभा राहतो तो आधी येतो, म्हणून बाप वर आणि लेकरं खाली. उपकरणांच्या बाबतीत आम्ही खरोखर हीच नाती लावतो. झोपवताना यादी खालून वर वाचायची, आधी लेकरू मग बाप. उठवताना वरून खाली, आधी बाप मग लेकरू. प्रत्येकाला आधी सूचना, मग काम थांबवणं, मग शेवटी वीज काढून घेणं. मधे एकाने जरी 'मला जमत नाही' म्हटलं तर झोपलेल्या सगळ्यांना परत उठवून बेत रद्द करायचा. या सगळ्यात स्मरणाला तेवढी थोडी वीज चालू ठेवतात. ती काढली तर उठल्यावर कुणालाच आपण काय करत होतो ते आठवणार नाही.

हे मी एकदा बाबांना समजावून सांगितलं होतं. ते कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते, सगळं आयुष्य. गावात त्यांना मिस्त्रीच म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अडकित्त्याने सुपारीचा एक तुकडा पाडला आणि म्हणाले, "हे तं आमच्या जिनिंगचंच हाय. याच्यासाठी तुले इतकं शिकवलं काय?"

खरंच तेच होतं. जिनिंग थांबवायची तर आधी कापूस घालणं थांबवायचं. रेचे, म्हणजे सरकी वेगळी काढणारी यंत्रं, थोडे रिकामे फिरू द्यायचे, आत राहिलेली रुई आणि सरकी बाहेर पडू द्यायची. मग रेचे, मग पट्टे, शेवटी मोठी मोटर. सुरू करताना उलटं. आधी मोटर, मग पट्टे, मग रेचे रिकामे, आणि सगळं सुरळीत फिरतंय असं कानाला पटलं की मग कापूस. हा क्रम चुकला की कापूस अडकतो, घासतो, तापतो, आणि जिनिंगमध्ये तापलेला कापूस म्हणजे काय ते सांगायला नको. बाबांच्या उजव्या हाताच्या मागे एक गुळगुळीत, केस नसलेली जागा होती. कुणीतरी क्रम चुकवला होता, त्या दिवसाची.

त्या वर्षी बाबांचा पाय ओट्याच्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आई त्याच्या चार वर्षं आधी गेलेली. मी एकटीच लेक. जालन्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाबांच्या समोरच मला सांगितलं, "सहा आठवड्यांत उभे राहिले तर राहिले. नाहीतर अंगाला खाटेची सवय लागते, मग उठणं नाही." मी वहीत लिहिलं, सहा आठवडे. त्याखाली रेघ मारली. कंपनीकडून घरून काम करायची परवानगी काढली, ज्या यंत्रावर काम चालू होतं त्याचा नमुना बॅगेत घातला आणि कार्तिकात देऊळगावला येऊन राहिले.

आल्या दिवशीच भिंतीवर कागद लावला. गोळ्या, जेवण, पायाचे व्यायाम, शेकणं, सगळ्यांच्या वेळा. त्याच्या शेजारी भारनियमनाचं वेळापत्रक. सकाळी दहा ते दुपारी चार आमच्या भागात वीज नसायची, तेव्हा लॅपटॉप कधी लावायचा, पाणी कधी चढवायचं, हे त्यावर लाल पेनने केलेलं. मला फार बरं वाटलं होतं ते दोन कागद शेजारी शेजारी पाहून.

बाबांच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडते. गल्लीच्या पलीकडे, पाच पावलांवर, नजीरचाचांचं गाद्यांचं दुकान. पिढीजात पिंजारी. त्यांचे वडील खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरत, ओट्यावर बसून ठँग ठँग करत दबलेली रुई फुलवून देत. नजीरचाचांनी मशीन आणलं. त्या मशीनच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आत रुई भरून मगच बटन दाबलं होतं. पट्टा ताणला, जळका वास आला, आणि बाबा जेवणाच्या ताटावरून उठून, उष्ट्या हाताने धावत जाऊन मेन स्विच पाडून आले होते. मी तेव्हा शाळेत होते. ताटातली भाकर तशीच राहिली होती एवढं आठवतं. बाबा त्यांना म्हणाले होते, "नजीर, उद्यापासून मले इचारल्याबिगर बटन दाबायचं नाही."

ते रागात बोलले असतील. नजीरचाचांनी मात्र ते धरून ठेवलं. रोज सकाळी साडेसहाला शटर वर जायचं, खिडकीच्या गजावर लाकडी मोगरीचे दोन ठोके पडायचे आणि आवाज यायचा, "मिस्त्री, चालू करू का?"

बाबा आतून विचारायचे, "पट्टा पाह्यला का?"

"पाह्यला."

"मंग खाली फिरू दे आधी."

मशीन रिकामं फिरायचं. बाबा उशीवर डोकं ठेवून त्याचा आवाज ऐकायचे. मग म्हणायचे, "घाल." आणि उठायचे. वीस-बावीस वर्षं बाबा या पद्धतीने उठत होते. दिवाळीला घरी आल्यावर मला त्या ठोक्यांचा त्रास व्हायचा. मी डोक्यावर पांघरूण ओढून घ्यायची.

म्हणून त्या हंगामात, दवाखान्यातून बाबांना आणल्याच्या पाचव्या दिवशी, मी गल्ली ओलांडून नजीरचाचांकडे गेले. सुरुवातीचे तीन-चार दिवस बाबा बरे बोलत होते, चिडत होते, वॉकरला 'हे घोडं' म्हणत होते. पण त्यांना सकाळी झोप लागायची आणि ठोक्यांनी मोडायची. रुईच्या धुळीने खोकला यायचा. साडेआठला माझी पुण्याशी बैठक असायची, त्यात मशीनची घरघर. मी तीन मुद्दे मनात जुळवूनच गेले होते.

"चाचा, बाबांना आराम हवाय. महिनाभर सकाळी भेटायला नका येऊ. आणि मशीन जरा दहानंतर लावत जा."

नजीरचाचा एका रजईला टाके घालत होते. सुई त्यांनी रजईतच टोचून ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे.

"दहाच्या नंतर," ते म्हणाले.

"चालेल ना?"

"हाव बेटा. काऊन नाई चालणार? मिस्त्रीले आराम पाह्यजे. मशीनचं काय, ते तं लोखंड हाय."

मी घरी येऊन वहीत खूण केली. आवाज, बंद. भेटी, बंद. धूळ, बंद.

त्या वर्षी गावाबाहेरच्या रस्त्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग असायची. सगळीकडे बीटी बियाणं लागलेलं, बोंडं एकदम फुटायची, वेचायला माणसं पुरायची नाहीत, आणि जिनिंगसमोर दिवसभर थांबून काहीजण भरलेला ट्रॅक्टर तसाच वळवून नेत. भाव बसला होता. मला ते आकड्यांत कळत नव्हतं, पण नजीरचाचांच्या दुकानातून कळलं होतं. चांगल्या वर्षी लोक नवी गादी भरतात. त्या वर्षी नवी रुई कुणीच विकत घेत नव्हतं, जुन्याच गाद्या उसवून पुन्हा पिंजून घ्यायला आणत होते. दुकानासमोर उसवलेल्या खोळींचा ढीग पडलेला.

बाबांना आणखी एका गोष्टीचं लागायचं. पूर्वी वैशाखात शेतकरी त्यांच्याकडे यायचे. कुठल्या गावच्या कापसाची सरकी टपोरी निघाली, पेरायला कुठली ठेवावी, हे जिनिंगच्या मिस्त्रीला ठाऊक असायचं. बाबा हातावर सरकी घेऊन दाताने फोडून बघायचे. बीटी आलं तसं बियाणं पाकिटातून यायला लागलं, दर वर्षी नवं. सरकी विचारायला येणारं कोणी राहिलं नाही. एकदा ते म्हणाले होते, "आता सरकी नुसती ढोराईले." एवढंच म्हणाले होते, पण मी ते विसरले नव्हते. विसरले नव्हते आणि तरी जोडून पाहिलं नव्हतं.

नजीरचाचांचं शटर दहाला उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, गेले असतील कुठे पाहुण्यांकडे. गल्ली शांत झाली. इतकी शांत, की दुपारी वीज नसताना मला माझ्या लॅपटॉपचा पंखा ऐकू यायचा.

आणि बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.

मी घड्याळाप्रमाणे सगळं करत होते. आठला चहा, सव्वाआठला गोळी, अकराला व्यायाम. पाय उचलून दिला तर उचलू द्यायचे, सोडला की खाली. "बाबा, उभं राहायचंय ना?" म्हटलं की "हं." वॉकर खाटेशी आणून ठेवला की त्याच्याकडे दुसऱ्याची वस्तू असल्यासारखं बघायचे. जेवण अर्धं. बोलणं हळूहळू दिवसाला दहा-बारा शब्दांवर आलं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक टॉनिक वाढवलं, मी ते कागदावर चढवलं. दुसरा आठवडा संपला, तिसरा संपला. कागदावर सगळ्या खुणा होत्या आणि खाटेवरचा माणूस उठत नव्हता.

माझ्या टेबलावरचं यंत्रही उठत नव्हतं. बस कंडक्टरच्या हातात असतं तसं तिकिटाचं यंत्र होतं ते. दोन प्रवाशांच्या मधल्या वेळात झोपायचं, बोट लावलं की उठायचं, म्हणजे बॅटरी दिवसभर पुरते. पडदा उजळायचा, घड्याळ दिसायचं, सगळं जागं झालेलं दिसायचं, पण काचेवर बोट टेकवलं की ढिम्म. स्पर्श ओळखणारी चिप मेल्यासारखी. गंमत अशी की थोड्या वेळाच्या झोपेतून ती उठायची. पाच सेकंद, दहा सेकंद, व्यवस्थित. जास्त वेळ झोपवलं की नाही. सहकारी फोनवर म्हणायचा, "अगं, तिथे कापूस वेचतेयस की काम करतेयस?" मी हसायची नाही.

एका पहाटे मी कर्नलची नोंदवही उघडून ओळ न् ओळ वाचायला बसले. उठवताना कुणाला कधी हाक मारली, कुणी कधी ओ दिली, सगळं तिथे लिहिलेलं असतं. यादीप्रमाणे स्पर्शाच्या चिपचा बाप उठला होता. क्रम बरोबर होता. त्यानंतर चिपला हाक मारली होती, आणि ती गप्प. मग बऱ्याच ओळी खाली, अगदी दुसऱ्याच शाखेत, वीज पुरवणारी एक लहान चिप उठली होती. मी बोर्डाचा नकाशा काढला. स्पर्शाच्या चिपची वीज त्या दुसऱ्या चिपकडून येत होती. तिच्या बापाकडून येत नव्हती. बाप तिला फक्त निरोप द्यायचा. वीज द्यायची ती परकी, यादीत नात्याने कुठेच न जोडलेली. म्हणून कर्नलने तिला आधी खुशाल झोपवलं होतं आणि उठवलं होतं सगळ्यात शेवटी. थोड्या झोपेत तारेत शिल्लक राहिलेल्या विजेवर निभायचं. लांब झोपेत ती शिल्लक संपायची.

मला आनंद व्हायला हवा होता. तीन आठवडे अडलेलं सापडलं होतं. पण मी तशीच बसून राहिले. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि गल्लीत काहीच झालं नाही. समोर भिंतीवर दोन कागद होते. बाबांच्या वेळा. आणि भारनियमन, दहा ते चार, लाल पेनने, माझ्याच अक्षरात.

मी बाबांच्या खोलीत गेले. जागेच होते.

"बाबा, नजीरचाचा कुठे गेलेत?"

भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "साखरखेर्ड्याले. शमीमकडे." शमीम म्हणजे चाचांची लेक, तिच्या नवऱ्याचंही गाद्यांचंच दुकान. "तिथं सकाळी लाइन नसते, दुपारी असते. इथं दहाच्या नंतर कुठची लाइन? चारले येते तव्हा दिवस बुडाले येते. मशीन काय हातानं फिरवन तो?"

खिडकी उघडी होती. मी गल्लीत उभी राहून चाचांना जे सांगितलं होतं, ते बाबांनी खाटेवरून सगळं ऐकलं होतं, आणि चाचा निघताना शेजाऱ्यांशी बोलले तेही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुही यादी होती बाई," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

विजेवर पोट भरणारी मी, थंडीच्या ऐन हंगामात एका माणसाच्या विजेचे तेवढेच तास मागून घेऊन आले होते. त्याने दिले होते. तक्रार न करता शटर ओढून निघून गेला होता.

शेजारच्या काकूंना बसवून मी साखरखेर्ड्याची जीप पकडली. दाटीवाटीत, पायाशी कुणाचं तरी सरकीचं पोतं. शमीमच्या घरासमोर चाचा उन्हात बसून रजईला टाके घालत होते. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"अरे, इंजिनेरनी! इकडं कुठं? मिस्त्री बरे हायेत ना?"

"नाहीत."

शमीमने पाणी आणलं. मी पाणी तसंच धरून सगळं सांगितलं. भारनियमनाचं, कागदाचं. चिपचं नाही सांगितलं. माफी मागायला गेले तर चाचांनी हात हलवला.

"तू वाईट थोडीच केलं? बापासाठीच केलं."

शमीम मात्र दारातून म्हणाली, "अब्बा इथं आले तव्हापासून साडेसहाले उठून बसते, ताई. दुपारी लाइन आली की मशीनपाशी जाते अन् उभे राहते. माहे मालक म्हणते, मामा, बटन दाबा की. तं म्हणते, थांब जरा."

"चूप बे," चाचा म्हणाले. मग हातातल्या रजईकडे बघत मला म्हणाले, "इथं इचारू कोनाले? जावयाले इचारू? त्याले पट्ट्यातलं काय कळते?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी बाबांच्या खोलीत, दाराशी उभी होते. शटरचा आवाज झाला. गजावर दोन ठोके.

"मिस्त्री, चालू करू का?"

बाबा हलले नाहीत. मी मनात मोजायला लागले, सवयीने. सात, आठ, नऊ. बाहेर चाचांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पंधरा. सोळा.

"पट्टा पाह्यला का?"

आवाज चिरका, न वापरलेला.

"पाह्यला. पन ढिला वाटून राह्यला. तीन हप्ते पडून व्हता ना."

"मंग तसाच लावतं का? ये बे इकडं. नाही, थांब." बाबा कोपरावर रेलले. माझ्याकडे न बघता हात लांब केला. "ते घोडं आन."

मी वॉकर आणला. तिसऱ्या प्रयत्नात ते उभे राहिले. मी काखेत हात घातला तर त्यांनी झटकला. खिडकीपर्यंत आठ पावलं. गज धरून ते बाहेर वाकले आणि दोघं पट्ट्यावरून भांडायला लागले. मी त्यांच्या मागे उभी होते, हात अजून तसाच पुढे केलेला. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा ठेवला आणि दोन्ही खिडकीपाशी नेऊन दिले.

यंत्राचं मी त्याच आठवड्यात निस्तरलं. त्या काळी नातं सांगायची नीट सोय नव्हती, म्हणून स्पर्शाच्या चिपला मुद्दाम उशिरा उठवायचं असा उपाय काढला. आता तशी सोय आहे. हा याच्यावर अवलंबून आहे, नात्याने कुणी नसला तरी, असं कर्नलला थेट सांगता येतं, मग तो त्याप्रमाणे झोपवतो, उठवतो. मी नव्या मुलामुलींना हे शिकवते तेव्हा फळ्यावर झाड काढते आणि मग एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आडवी तुटक रेघ ओढते. ती रेघ ओढताना दर वेळी मला आमची गल्ली दिसते. झाडात बाबांच्या खाली नाव माझंच होतं. वीज गल्लीपलीकडून येत होती. हे मला समजलं, पटलं, आणि मी त्याप्रमाणे दुरुस्तीही केली. ते कुठे ठेवायचं हे मात्र कळलं नाही.

बाबा सहाव्या आठवड्यात काठीवर आले. माघात मी पुण्याला निघाले तेव्हा ते ओट्यावर बसून चाचांच्या मशीनचं बेअरिंग पुसत होते. "पोचली की फोन कर," म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं ते तसेच रोज उठले. मी दर रविवारी फोन करायची. ते सांगायचे, नजीरने काय चूक केली.

परवा संध्याकाळी मी आले तेव्हा चाचांचं दुकान बंद होतं. मी आल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं; आधीच्या तीन खेपांना ठाऊक असायचं, आणि ठोके पडले नव्हते. काल सकाळी बाबांच्या खाटेवर जागी झाले ती शटरच्या आवाजाने. आणि पाठोपाठ गजावर दोन ठोके.

"मिस्त्री, चालू करू का?"

मी पडून राहिले. बाबांना जाऊन दीड वर्ष झालंय. बाहेर चाचा थांबले. बाबांना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबले. मग मशीन रिकामं फिरायला लागलं.

मी दार उघडून ओट्यावर आले तर चाचा दचकले. आता त्यांची पाठ वाकलीय, दाढी सगळी पांढरी.

"तू कव्हा आली?"

"काल."

"मंग ऐकलं असन." ते ओशाळले. "आदत हाय बेटा. बिनाइचारल्याचं बोट नाई जात बटनावर. लोक हसते."

मी घर दिल्याचं सांगितलं. ते माहीत होतं त्यांना. खिडकीला जाळी बसणार हेही माहीत होतं. "बसू दे," म्हणाले. "मच्छर लय झाले." मग, "उद्या जाऊन राह्यली?"

"सहाच्या गाडीने."

"सहाच्या," ते म्हणाले, आणि रुई घालायला वळले.

दिवसभरात मी मुख्य बटन आणि कुलूप सोडून सगळी कलमं पूर्ण केली. संध्याकाळी दार नुसतं लोटून नव्या मालकांकडे चावीही देऊन आले. कुलूप ओढलं की लागतं, म्हणून आतून निघायला अडचण नव्हती. आज सकाळी पाचला उठले, बॅग दाराशी ठेवली. साडेपाचला बॅग उचलली, आणि परत ठेवली. सहाला बसस्थानकाच्या बाजूने भोंगा ऐकू आला. तोवर मी बाबांच्या खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला, जमिनीवर बसलेली होते. खाट कालच देऊन टाकली होती. गाडी चुकवल्याचं आयुष्यात हे पहिलंच.

शटर वर गेलं. दोन ठोके.

"मिस्त्री, चालू करू का?"

उत्तर मला पाठ होतं. बाहेर चाचा थांबलेले. मी मोजत होते. चौदा, पंधरा.

"पट्टा पाह्यला का?"

बाहेर मोगरी खाली पडल्याचा आवाज झाला.

"पाह्यला," चाचा म्हणाले. "पाह्यला बेटा."

"मंग खाली फिरू द्या आधी."

मशीन फिरलं. मी भिंतीला डोकं टेकवून ऐकलं. आवाज सरळ होता, कुठे अडखळत नव्हता. मी म्हटलं, "घाला." आणि रुई आत गेल्याचा तो जड, मऊ बदल घरघरीत झाला.

यानंतर बाबा उठायचे. मी बसून राहिले. पुढची गाडी किती वाजता आहे, ते मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.